न प्यालेली कॉफी

आमच्याकडे, वाळवंटातल्या जमातींत, कुणी काही मागायला आलं, की यजमानाने ओतलेला कॉफीचा पेला तो तोंडाला लावत नाही. समोर जमिनीवर ठेवतो. यजमान म्हणाला, "प्या, तुमचं काम झालं," की मगच पितो. मुलीला मागणी घालायची असो की खुनाचा समेट करायचा असो, रीत हीच. पाहुणा न पिता उठून गेला तर यजमानाच्या घराण्याला बट्टा लागतो. कंपनीच्या मॅनेजरला हे ठाऊक नव्हतं. तो राजधानीतला, अम्मानचा, आणि अम्मानमध्ये लोक कॉफी तलफ आली म्हणून पितात.

आमचे पुरुष फॉस्फेटच्या खाणीवर रेल्वेच्या वाघिणी भरतात. माझा नवरा मुफ्लिह त्यांच्यातला सगळ्यात जुना, आणि तरीही रोजंदारीवर. कायम असता तर कंपनीच्या इस्पितळात त्याच्या छातीवर उपचार झाले असते. रोजंदारीवाल्याला तिथे मागच्या दारानेही घेत नाहीत; त्याने रात्रभर खोकावं आणि सकाळी वेळेवर यावं. त्या खोकल्याने मला झोप नव्हती आणि चीड मात्र भरपूर होती. शेवटी सगळ्यांनी मिळून रुळांवरच तंबू ठोकले. वाघिणी भरणाऱ्या प्रत्येकाला कायम करा, मग गाडी सोडतो, असं कळवलं. तिकडे अकबाच्या बंदरात जहाज मालाची वाट बघत उभं होतं, आणि उभ्या जहाजाचं भाडं रोज कंपनीच्या बोकांडी बसत होतं. वर्षानुवर्षं आमचे अर्ज केराच्या टोपलीत टाकणारे साहेब आता स्वतः तंबूपर्यंत चालत यायला लागले.

आधी त्यांनी आमच्यात फूट पाडायचा डाव टाकला. पुढारी म्हणवणाऱ्या डझनभर लोकांना लगेच कायम करू, बाकीच्यांचं मागाहून बघू. त्यात मुफ्लिहचं नाव पहिलं. मी सरळ सांगितलं, घेऊन टाक. धूळ तुझ्या छातीत आहे, शेजाऱ्याच्या नाही.

"आज मी उठलो," तो म्हणाला, "तर उद्या मला काढतील तेव्हा माझ्यासाठी कोण बसेल?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला.

डाव फसला तेव्हा मॅनेजर आमच्या शेखकडे गेला. शेख दहाम म्हणजे आमच्या जमातीचा मोठा माणूस. कंपनीला पाणी पुरवणारे टँकर त्याचेच. बातमी आली की शुक्रवारी नमाजानंतर तो दहा पांढऱ्या दाढ्या घेऊन तंबूत येणार, पेला खाली ठेवणार आणि रूळ मोकळा करा म्हणणार. पोलिस आले असते तर आमच्या पुरुषांनी छाती पुढे केली असती. पण शेखची कॉफी गार होऊ द्यायची हिंमत कुणात आहे? गाडी सुटली, जहाज गेलं, की गरज सरो वैद्य मरो. तंबूत सगळे माना खाली घालून बसले होते. मला मात्र एकच सुचलं, आणि मी ते सासूच्या कानात सांगितलं. त्याने पेला ठेवायच्या आत आपण ठेवायचा.

सासू, हज्जा वदहा, हसली. तिला हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

गुरुवारी दुपारी आम्ही बायका पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून शेखच्या घरी गेलो आणि थेट पुरुषांच्या बैठकीत शिरलो.

"हज्जा, वाट चुकलात काय?" शेख म्हणाला. "बायकांची खोली मागच्या अंगाला."

"वाट बरोबर आहे, अबू सऊद. तू कॉफी ओत," हज्जा त्याला सऊदचा बाप म्हणून हाक मारत म्हणाली.

दारी आलेल्याला कॉफी नाही म्हणता येत नाही. त्याने स्वतःच्या हाताने ओतली. हज्जाने पेला खाली ठेवला. मग मी ठेवला, मग एकेकीने. पेल्यांनी गालिचा भरून गेला. शेखचा चेहरा पडला. काय मागायला आलात, असं त्याला विचारावंच लागलं.

"उद्या आमच्या तंबूत जो पेला ठेवणार आहेस, तो मॅनेजरच्या टेबलावर ठेव," हज्जा म्हणाली. "सगळे कायम. एकही वगळायचा नाही."

"मी त्याला शब्द दिलाय. इथंच बसून मागून गेला तो."

मला राहवलं नाही. "त्याने पेला खाली ठेवला होता?"

दारात त्याची बायको उम्म सऊद उभी होती. ती म्हणाली, "तीन पेले प्याला. वर खजूर खाल्ले. आणि मागणं सांगितलं ते जाताना, बूट घालता घालता."

"मग त्याने मागितलंच कुठे?" हज्जा म्हणाली.

शेखने मिशीवरून हात फिरवत हसू दाबलं, पण नजर खिडकीबाहेरच्या टँकरांकडे गेली. कंपनी टँकर बंद करेल, असं तो पुटपुटला.

"करेल," हज्जा म्हणाली. "आणि हे पेले असेच राहिले तर तुझी बैठक बंद होईल. बायकांना रिकामं पाठवणाऱ्याच्या दारात उद्या कोण येतंय?"

शेखने गालिच्यावरचे पेले एकेक करून मोजले. मग शेख मोठा श्वास घेऊन म्हणाला, "प्या." इतकी गार, इतकी कडू आणि इतकी चांगली कॉफी मी जन्मात प्याले नव्हते.

पुढचं मुफ्लिहने सांगितलं, कारण शुक्रवारी तो शेखबरोबर होता. सुट्टीचा वार, पण जहाज उभं असताना मॅनेजरला कुठली सुट्टी? शेख आपल्याच बाजूने आलाय असं समजून त्याने हसत हसत कॉफी मागवली. शेखने कप टेबलावर ठेवला. मॅनेजरला वाटलं, म्हाताऱ्याला मधुमेह आहे. त्याने बिनसाखरेची मागवली. शेखने तीही पहिलीच्या शेजारी ठेवली. शेवटी तिथल्या कारकुनाने मॅनेजरच्या कानात रीत सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही शब्द दिला होता, वगैरे तो म्हणाला.

"कॉफी गार झालेली मला चालते," शेख म्हणाला. "तुमच्या जहाजाला चालेल का ते बघा. मी इथून उठलो की सरळ रुळांवर जाऊन बसणार आहे."

संध्याकाळी सही झाली. फॉस्फेट खाणीवरच पडून राहिलं तर ते नुसती माती, एवढं त्या दिवशी कंपनीला उमगलं.

शनिवारी सकाळी मॅनेजर कागद घेऊन रुळांवर आला. हज्जाने पेला भरून दिला. त्याने तो ओठांपर्यंत नेला, थबकला, आणि खाली वाकून खडीवर ठेवला. "माझं एक मागणं आहे," तो म्हणाला. "गाडी सोडा."

मुफ्लिहने कागद मोठ्याने वाचला. मध्येच खोकल्याची उबळ आली, तेवढा वेळ मॅनेजर उभा राहिला. एकही माणूस वगळलेला नव्हता. मग हज्जाने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग त्याला."

मी घाई केली नाही. पेल्यातली वाफ पूर्ण विरू दिली. मग म्हटलं, "प्या साहेब. तुमचं काम झालं."

रविवारी मुफ्लिह कंपनीच्या इस्पितळात गेला. पुढच्या दाराने.