दुसरा कोयता

“पयल्यांदा शिकलेलं लवकर सुटत न्हाई बाई, लेकराचं असू दे न्हाईतर तुझ्या ह्या डब्याचं. हो म्हणताना जरा दम खात जा,” असं सासूबाई, नीलाबाई, बजावत होत्या तेव्हा प्रणिता नुसती हसली होती.

धारूरच्या घरी बसून ती कॉम्प्युटरला मराठी शिकवायची. इंटरनेटवरचा मजकूर वाचून तो आपल्या मनानं वाक्यं बांधायचा. बरोबर की चूक, ते प्रणितानं सांगायचं. ‘कोयता हे अवजार आहे’ असं त्यानं सुरुवातीलाच मांडलं. यात काय विचार करायचा? तिनं बरोबर म्हणून टाकलं.

मग उसाचा हंगाम लागला. बातम्या वाचून त्यानं नवी वाक्यं मांडली. अवजारे ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला जातात. अवजारांना लेकरे असतात. प्रणिताला आधी हसू फुटलं, मग आपली चूक ध्यानात आली. शेजारची मंगल आणि तिचा नवरा अभिमन्यू तान्ह्या लेकराला घेऊन ऊसतोडीला गेले होते. तोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडं कोयताच म्हणतात. बीडची लेक असून ती हे विसरली कशी? आता हा मंगलला धार लावून पेटीत ठेवायला सांगणार!

दिलेला हो मागं घेता येत नव्हता. वाचायला मात्र आणखी देता येत होतं. मांडीवरची तिची लेक सायली शेळीलाही भूभू म्हणायची. तिला रागवून काय होतं, शेळी पुन्हा पुन्हा दाखवावी लागते. प्रणितानं तेच केलं. एका कोयत्यात दोघं, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, असं जिथं सापडलं ती पानं त्याच्यापुढं टाकत गेली.

दुपारी पडद्यावर ओळ उमटली: ‘कोयता हे दोन वेगळे शब्द आहेत का? एक हातात धरतात. दुसऱ्याची घरी वाट पाहतात.’

वाट पाहतात, हे तिनं दिलेल्या एकाही पानावर नव्हतं. ते त्यानं स्वतः जुळवलं होतं. सायलीला काखोटीला मारून प्रणिता स्वयंपाकघरात धावली आणि पिठाच्या हातानिशी सासूबाईंना ओढत घेऊन आली.

नीलाबाईंनी ओळ दोनदा वाचून घेतली. “लई शाना झाला की! मग इचार त्याला, आपल्या मंगलचा कोयता कुठं हाय? कवाचा फोन लागंना तिचा.”

प्रणितानं विचारलं. उत्तर लगेच आलं: ‘याविषयी मी कुठेही वाचलेले नाही.’

वाचणार कुठून? मंगलबद्दल कुणी लिहिलंच नव्हतं. आता हे लिहिलंय, आणि तुम्ही वाचलंय. तुमच्या गावाजवळ साखर कारखाना असेल, तर तोडवाल्यांच्या कोप्यांकडं, त्यांच्या झोपड्यांकडं, एक चक्कर माराल? धारूरची मंगल म्हणून विचारा. तिघंही बरे आहेत ना, तेवढं बघा.