शहराआधीची बस

"उतरा आजी, नगरपालिका आली."

कोंबडी बगलेत धरलेल्या म्हातारीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हिरव्या कौलांची एक भलीमोठी इमारत, तिच्यासमोर नदीच्या पात्राएवढा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं.

"ड्रायव्हर, थट्टा करतोस का? मला शहरात जायचंय."

"हेच शहर, आजी."

"मग माणसं कुठायत?"

"येतील की," फूगन म्हणाला. "घर आधी बांधतात, माणसं मग राहायला येतात."

चू फूगन रोज शांघायच्या चापेई भागातून नव्याने वसणाऱ्या च्यांगवानला बस न्यायचा आणि बहुतेक वेळा रिकामीच परत आणायचा. भातखाचरांतल्या बेडकांशिवाय तिथे कुणी नाही म्हणून डेपोतले सोबती त्याला 'बेडकांचा ड्रायव्हर' म्हणत. तोही हसायचा, पण दुसरा मार्ग मागायला कधी गेला नाही. शांघायमधले चांगले रस्ते, बागा, घाटावरच्या इमारती सगळ्या परक्यांच्या. त्यांच्या रस्त्यावर गोऱ्या साहेबाच्या शीख शिपायाची छडी त्याने पाठीवर खाल्ली होती. आता आपल्या लोकांनी आपलं शहर आखलं होतं. नगरपालिका, ग्रंथालय, संग्रहालय, खेळाचं मैदान, पुढे बंदर. नकाशा त्याला कळत नव्हता, रस्ता मात्र कळत होता.

बसवर येण्याआधी तो इथेच विटांचा ट्रक चालवत असे. नगरपालिकेच्या भिंती अर्ध्या उभ्या असताना जपान्यांच्या तोफा धडाडल्या, परांच्या जळाल्या, मजूर पांगले. आता कसलं शहर, असं धरून फूगनने दुसरं काम शोधायला सुरुवात केली होती. पण लढाई थांबते न थांबते तोच मुकादमाचा निरोप आला. तो गेला तर इंजिनिअर धोतऱ्याच्या झुडपांत वाकून आखणीच्या जुन्या खुंट्या शोधत होते आणि गवंडी गोळ्यांची भोकं बुजवत होते. कुणी भाषण केलं नाही, की कुणी रडलं नाही. फूगनने ट्रक मागे घेतला आणि विटा उतरवल्या. त्या दिवसापासून त्याचा या शहरावर जीव जडला.

कामगारांच्या नव्या चाळीत खोली मिळाली तेव्हा बायको छायून फणफणली.

"इथं भाजीवाला नाही, शेजारीण नाही. भांडायचं झालं तर मी भांडू कुणाशी?"

"मी आहे ना."

"तू तर दिवसभर बेडकं फिरवतोस!"

पण हळूहळू तीही रुळली. उन्हाळ्यात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून मोहरीची पानं निवडू लागली. अक्षरओळख नव्हती, तरी पाहुण्यांना ती रुबाबात सांगायची, "आमच्या ग्रंथालयात फार गार असतं हो." बसही भरू लागली. आधी कारकून आले, मग सामन्यांचे शौकीन, मग एक न्हावी, एक तोफूवाली. त्या तोफूवालीशी छायूनचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा फूगनला हायसं वाटलं.

आणि मग सदतीस सालचा तो ऑगस्ट आला. जपान्यांशी पुन्हा लढाई पेटायच्या आदल्या दिवशी डेपोचा हुकूम सुटला: गाड्या रिकाम्या करून परकीय वस्तीत आणा, तिथे तोफा पडणार नाहीत. फूगन च्यांगवानला पोचला तर अख्खी वस्ती थांब्यावर उभी.

"रिकामी न्यायचीय म्हणे?" तोफूवालीने विचारलं.

"रिकामी नेऊन नेऊन कंटाळलोय मी. चढा!"

लोक चढू लागले. ग्रंथालयाचा म्हातारा शिपाई पुस्तकांच्या पेट्या घेऊन आला तसा गलका झाला. न्हावी ओरडला, "माणसांना जागा नाही आणि तू कागद भरतोस?"

"बाकडी काढा," फूगन म्हणाला. "पेट्या खाली लावा. माणसं त्यांच्यावर बसतील."

तोवर छायून खोलीचा उंबरा झाडत होती.

"अगं, आता काय झाडतेस?"

"परत यायचंय ना? मग घाण कशाला ठेवायची?"

तिने कुलूप लावलं आणि गोधडी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. थांब्यावर अजून माणसं उरली होती. "दुसरी फेरी घेऊन येतो," फूगनने त्यांना सांगितलं. परकीय वस्तीकडे जाणाऱ्या पोलादी पुलावरच्या गर्दीतून मुंगीच्या पावलांनी त्याने बस पलीकडे नेली, लोक आणि पेट्या उतरवल्या आणि गाडीचं तोंड माघारी फिरवलं. पण मागचा रस्ता सैनिकांनी काटेरी तारा लावून बंद केला होता. त्याने विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, बंदुकीचा दस्ता खाल्ला. थांब्यावर राहिलेल्यांचं काय झालं, ते त्याला कधीच कळलं नाही. पुढची किती तरी वर्षं तो जेवता जेवता मध्येच थांबायचा. मग छायून त्याच्या वाटीत आणखी थोडा भात वाढायची.

आठ वर्षांनी युद्ध संपलं, त्या शरद ऋतूत दोघं च्यांगवानला आली. बस जात नव्हती, म्हणून पायीच. चाळीच्या जागी नुसता पाया होता आणि त्यात कुणीतरी कोबी लावला होता. नगरपालिका उभी होती, कौलं फुटलेली. परक्यांची वस्ती आता आपल्याच हाती आलीय, शहराचा कारभार तिथूनच चालणार, इथे पुढे काही बांधणार नाहीत, असं कोबीवाल्याने सांगितलं.

फूगनने नगरपालिकेच्या भिंतीतल्या गोळ्यांच्या नव्या भोकांवरून हात फिरवला.

"भोकं बुजवायला या खेपेला कुणी आलं नाही," तो म्हणाला.

"त्या वेळी आले होते ना?" छायून म्हणाली. "पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

"मग झालं तर."

ती दोघं परत निघाली. फूगन सवयीने कडेने चालू लागला. छायून मात्र सरळ रस्त्याच्या मधोमध गेली.

"अगं, गाडी येईल!"

"येऊ दे की. केवढा रुंद केलाय!"

तो तिच्या शेजारी गेला. दोन्ही बाजूंना भात पिकला होता. त्या प्रशस्त रस्त्यावरून ती दोघं ऐटीत, सावकाश चालत राहिली.