दोनशे त्रेचाळीस फोटो

कारखान्यात शैलाचा फोन आला. "दत्ताजीरावांचं मशीन अडलंय. जागा संपली म्हणतंय."

"संपेल कशी? रविवारी मीच बघितलं, दीड जीबी रिकामी आहे."

"ते तुम्ही मशीनला समजावा," असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

देवासच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं मेंटेनन्स बघतोय. माणूस खोटं बोलला तर मी एक वेळ सोडून देतो, पण यंत्र खोटं बोललं की माझं डोकं फिरतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आलो.

दत्ताजीराव खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात काठीवर. हे मूळचे धारचे, जुन्या दरबारी घराण्यातले. संस्थान गेलं, तरी नोकरी दफ्तरातच केली. निवृत्त झाल्यावर देवासला, आमच्याच गल्लीत, मुलाकडे आले. मोडी वाचणारी माणसं आमच्याकडे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यांतले हे एक. धार आणि अमझेऱ्याच्या घरांतून ते जुने कागद आणायचे, रोज दहा ते बारा आमच्याकडे बसून देवनागरीत टाइप करायचे आणि कागद ज्याचा त्याला परत द्यायचे. छापून काय काढायचं ते सगळं झाल्यावर एकदम, असा त्यांचा बेत होता. म्हणजे केलेलं सगळं काम एकाच ठिकाणी होतं, माझ्या मशीनमध्ये. दुसरी प्रत नाही. कारखान्यात सुटा भाग शिल्लक ठेवला नाही म्हणून मी लोकांवर ओरडतो, आणि घरी हा कारभार!

त्यांचा हात ज्यावर बसला होता तो मराठी टायपिंगचा प्रोग्राम फक्त विंडोज ९८ वर चालायचा. तसं मशीन २००९ साली कोण सांभाळणार? म्हणून मी घरच्या सर्व्हरच्या पोटात दुसरं, आभासी मशीन बसवलं होतं. बाहेरचं मशीन खरं. आतलं म्हणजे नुसती एक मोठी फाइल, पण त्या बिचाऱ्याला वाटतं आपण खरेच आहोत.

आत बघितलं तर जागा रिकामी. बाहेर बघितलं तर खरी डिस्क काठोकाठ भरलेली. म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं. आतल्याला जी जागा दिसत होती, ती द्यायला बाहेरच्याकडे काही उरलंच नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. जागा खाल्ली कुणी हे बघायला मी एकेक फोल्डर उघडत गेलो आणि एका फोल्डरमध्ये दोनशे त्रेचाळीस फाइली निघाल्या.

"दत्ताजीराव, हे फोटो कुणी काढले?"

फोटो म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवायची. त्यानंतर जे बदलेल ते नव्या थरात जातं, नकाशावर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर लिहावं तसं.

"मीच," ते म्हणाले. "आपणच सांगितलं होतं, काम सुरू करण्यापूर्वी एक काढावा."

"रोज?"

"काम रोजच असे."

"अहो, पण जुने काढून टाकायचे की नाही?"

"तसा हुकूम नव्हता. वरिष्ठांच्या हुकमाशिवाय दफ्तरातला कागद नष्ट करत नाहीत, शरदराव."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे वरिष्ठ मीच! मी त्यांना फोटो काढायला शिकवलं आणि काढून टाकायला शिकवायचं विसरलो. अशी चूक नववीतल्या पोरानेही केली नसती.

आता खरी भीती. थर मिटवायचे तर एकेक करून एकमेकांत मुरवावे लागतात. चुकून 'मागे जा' वर बोट पडलं की पुढचं सगळं लिखाण गडप. आणि मुरवायलाही जागा लागते, ती तर नव्हतीच. चौकातल्या दुकानदाराकडे चाळीस जीबीची डिस्क मागितली तर तो म्हणाला, "भिया, चालीस अब आती कां है? अस्सी ले जाओ." ऐंशीचीच आणली आणि दत्ताजीरावांना परवा या म्हणून घरी धाडलं. मूळ काहीही न हलवता सगळ्याची नक्कल सुरू केली. जे काय मोडायचं ते नकलेत मोडू, असं ठरवलं.

नक्कल होईपर्यंत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून फाइलींचे आकार बघत बसलो. सुरुवातीच्या चाळीस-पन्नास एमबीच्या. मग तीस. मग वीस. आणि शेवटच्या सव्वीस? प्रत्येक जेमतेम दोन एमबीची. मशीन नुसतं चालू करून बंद केलं तर होते तेवढी.

हे काय गौडबंगाल? माणूस रोज दोन तास बसतो आणि काहीच लिहीत नाही? मला आता डिस्कपेक्षा हेच छळायला लागलं.

नक्कल झाली. मी तिच्यात मुद्दाम मागे गेलो. पहिल्या महिन्यातला एक दिवस उघडला. सुबक ओळी, अक्षराचा आकार चौदा. चौथ्या महिन्यात वीस. सहाव्यात छत्तीस. पुढे बहात्तर, पडद्यावर एका वेळी जेमतेम तीन शब्द मावत होते. मग सव्वीस दिवस एकही अक्षर नाही.

"शैला," मी हाक मारली, "दत्ताजीराव चहा कसा घेतात गं?"

ती दारात थांबली. "आधी टेबलावर ठेवायची मी. हल्ली हातात देते. चाचपत बसायचे हो." मग तिचं तिलाच कळलं. "अगो बाई," म्हणून ती खालीच बसली.

थर मुरवायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. प्रत्येक थराला मी श्वास धरून बसलो होतो, हे कबूल करतो. शेवटी नवं मशीन उघडलं आणि कागद मोजले. एकही गेला नव्हता. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

तिसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दत्ताजीराव आले. "किती निघाले?"

"दोनशे बारा."

"बरोबर," ते म्हणाले, आणि मग कुठे खुर्चीत टेकले. मला वाटलं, आता विचारू नये. पण माझ्याच्याने राहवत नाही.

"कधीपासून दिसत नाही?"

"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. फोटो बोटांच्या सवयीने निघत असे, पण कागद तर डोळ्यांनीच वाचायचा." मग हळूच म्हणाले, "घरी कळलं तर मला इथवर येऊ द्यायचे नाहीत. अमझेऱ्याचे एकतीस कागद राहिलेत. मी नाही वाचले तर ते कोण वाचणार?"

"म्हणून सव्वीस दिवस नुसते बसून राहिलात?"

"रोज वाटे, आज थोडं दिसेल."

मला फार वाईट वाटलं, आणि माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी रागावतो. "असं बसून काय होणार? आणा तो कागद इकडे!" असं मी त्यांच्यावर ओरडलोच. त्यांच्या पिशवीतून पहिला कागद काढला. मोडीतलं ओ की ठो मला कळत नाही. पण वळणं तर दिसत होती ना. मी त्यांचा उजवा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटाने पहिलं अक्षर काढलं.

त्यांनी भुवया आवळल्या. "उलटं काढताय, शरदराव. समोर बसू नका."

मी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेली आणि पुन्हा काढलं, सावकाश, वळणावर वळण.

"श्री," ते म्हणाले, आणि पुढच्या अक्षरासाठी हात तसाच उघडा ठेवला.