इस्त्रीचा प्रसंग

हिवाळा सरत आला असताना, एका शुक्रवारी, दुपारच्या पहिल्या खेळास, शहराच्या जुन्या भागातील दोन पडद्यांच्या चित्रगृहात, मधल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. चित्रपट असह्य झाल्यास कोणाच्याही गुडघ्यांना न लागता उठून जाता यावे, म्हणून त्यांनी ही खुर्ची निवडली होती. प्रत्यक्षात ते आजवर एकदाही मध्येच उठले नव्हते. अर्धा चित्रपट पाहून त्याला वाईट म्हणणे हे अर्धी साक्ष ऐकून शिक्षा ठोठावण्यासारखे आहे, असे ते मानत, आणि शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांशी तावातावाने भांडत.

त्यांना सगळे पंच म्हणत. व्यवसायाने ते औषधविक्रेते. दुकान मूळचे थोरल्या भावाचे. भाऊ हाडांच्या कर्करोगाने गेल्यानंतर पंचांनी आणि भावाच्या पत्नीने, म्हणजे त्यांच्या वहिनींनी, ते मिळून चालवले. वहिनी गल्ल्यावर बसत. पंच फळ्यांवरून औषधे काढून देत. शुक्रवारी दुपारी मात्र ते चित्रगृहात असत, आणि शनिवार सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाबरोबर मतही मिळे. ते ऐकून घेतल्याशिवाय पुडी हातात पडत नाही, अशी गल्लीची तक्रार होती.

“पंच, तो पोलिसांचा सिनेमा कसा आहे? पोरं मागे लागलीत,” खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या शेजारच्या शिंप्याने मागच्याच आठवड्यात विचारले होते.

“तो सिनेमा सहा वेळा संपतो. पहिल्यांदा संपला की उठा. मग चांगला आहे.”

“आणि ते डोंगरावरचं प्रेमप्रकरण?”

“त्यात दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम आहे की कुणी फोनच उचलत नाही. एकानं एकदा जरी उचलला असता तरी मध्यंतरातच सगळे घरी गेले असते. ही गोळी जेवणानंतर.”

“म्हणजे बघू नको?”

“बघा की. डोंगर चांगले आहेत. डोंगरांना कुणी संवाद दिलेले नाहीत.”

पंचांची कसोटी एकच होती, आणि ती म्हणजे संभाव्यता. पडद्यावरच्या माणसाला पंख फुटले तरी त्यांची हरकत नसे. पंख फुटल्यावरही तो जिन्याने उतरू लागला की हरकत असे. ज्या माणसाला लेखकाने जसे घडवले, तसेच त्याने वागले पाहिजे. तसा तो वागला नाही, तर मागचे सारे कौशल्य मातीमोल. या कसोटीवर त्यांनी मोठमोठे चित्रपट निकालात काढले होते. वहिनी क्वचितच सिनेमाला जात, आणि जायचेच झाल्यास पंच आधी पाहून येत. ते “चालेल” म्हणाले तरच वहिनी जात.

या शुक्रवारी पंच ज्या चित्रपटाला बसले होते तो त्यांच्या पुतणीने केला होता. तिचा हा पहिलाच चित्रपट. शाळा संपताच ती दुसऱ्या शहरी शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. महिन्यातून एकदा आईला फोन येई. त्यात हवा कशी आहे आणि गुडघे कसे आहेत, एवढे बोलून होई. दोघींत भांडण झाल्याचे कोणी ऐकले नव्हते, आणि समेट करायचा तर तो कशाचा, हेही कोणाला सांगता आले नसते. गेल्या पंधरवड्यात तिने फोन केला तो काकांना.

“रविवारी दुपारच्या खेळाला मी स्वतः येणार आहे, काका. आईला घेऊन या.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर मी पुन्हा बोलावणार नाही. ह्याला नाही, कशालाच नाही. तिला तसंच सांगा.”

पंचांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. वहिनींनी गल्ल्यातली नाणी लावता लावता तो ऐकला आणि म्हणाल्या, “तुम्ही आधी बघून या. तुम्ही म्हणाल तसं करू.”

दिवे मालवले. पडद्यावर तीन खोल्यांचे एक घर दिसले, आणि पंच पाठ सरळ करून बसले. घर दुसरेच होते, परंतु मांडणी ओळखीची होती. आजारी माणसाला रस्ता दिसावा म्हणून खिडकीशी तिरपी लावलेली खाट. कान तुटलेला कप. बायकोला हाक मारण्याचे त्राण नाही म्हणून पेल्यावर चमचा वाजवून बोलावणे. त्यांचा भाऊ शेवटच्या वर्षी असेच करीत असे. दुखण्याने माणूस किती क्षुद्र होतो, तो उशीवरून, लिंबावरून, खिडकीच्या झडपेवरून कसा छळतो, आणि ज्याला छळतो त्याचाच हात धरून कसा रडतो, हे सारे तिने न कचरता दाखवले होते. मध्यंतरापर्यंत पंच मनातल्या मनात तिची पाठ थोपटत होते.

मध्यंतरानंतर ती दुपार आली. वेदनेवरच्या औषधाची बाटली स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असायची. ती त्या दुपारी रोग्याच्या उशाशी दिसली. बायको शेजारच्या खोलीत टेबलावर घोंगडी पसरून इस्त्री करीत होती. मागच्या पलंगावर तापाने फणफणलेली मुलगी पडली होती. दार अर्धवट उघडे होते. चमचा पेल्यावर एकदा वाजला, पुन्हा वाजला नाही. मग श्वास ऐकू येऊ लागला. मोठा, घरघरणारा, मधूनच अडणारा. बायकोने मान वर केली. ती गेली नाही. तिने सदऱ्याची घडी घातली, ती बाजूला ठेवली आणि दुसरे कापड ओढले. ढीग संपेपर्यंत कॅमेरा तेथून हलला नाही. ढीग संपला तेव्हा श्वासही संपला होता.

पंच संतापले, आणि त्यांचा संताप नेहमीप्रमाणे तर्कशुद्ध होता. भाऊ दुपारी झोपेतच गेला, असे डॉक्टरांनी त्या वेळी सांगितले होते. पंच तेव्हा दुकानात होते. फोन आला तसे अंगावरच्या पांढऱ्या डगल्यानिशी धावले होते. तेव्हा हा प्रसंग कल्पित, हे उघड होते. परंतु कल्पिताला खऱ्याच्या पंगतीला बसवले की त्याला कोणी कल्पित म्हणत नाही. कप खरा, खाट खरी, चमचा खरा. मग इस्त्रीही खरीच ठरणार. मुलीने आपल्या आईवर असला आळ घ्यावा, आणि वर तो पाहायला आईलाच खुर्ची राखून ठेवावी! वहिनींना हे दिसता कामा नये, असे त्यांनी परतीच्या वाटेवर ठरवून टाकले. कारणही हाताशी होते: चित्रपट फसलेला आहे.

दुकानात संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची होती. वहिनी नव्या मालाचे खोके उघडीत होत्या.

“कसा आहे?”

“सांगतो.”

“सांगतो म्हणजे वाईट. चांगला असला की तुम्ही पायरीवरूनच सुरू करता.”

“पूर्वार्ध उत्तम आहे. पोरीला डोळा आहे, यात वाद नाही. पण एका प्रसंगानं सगळं तारू बुडवलं. तुम्ही येऊ नका, वहिनी. गुडघे दुखतात म्हणून मी कळवतो तिला.”

“गुडघे रोजच दुखतात. कुठला प्रसंग?”

“आहे एक. पटण्यासारखा नाही.”

“तुम्हाला न पटायला काय लागतं. मागे त्या बिचाऱ्या नायकाच्या बुटांवरून महिनाभर भांडत होतात.”

“तो नदीतून चालत आला होता. बुटांना चिखल नको?”

“मग ह्यात कुणाचे बूट कोरडे राहिले?”

पंचांना वादाचे आमंत्रण नाकारता येत नसे. शिवाय, प्रसंग अशक्य आहे हे सिद्ध केले की आळही आपोआप निकालात निघेल, असाही एक हिशोब त्यांच्या मनात होता. खुर्ची ओढून घेऊन ते म्हणाले, “एक बाई आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला. औषधाची बाटली एरवी वर असते, त्या दिवशी त्याच्या हाताशी राहते.”

“राहते, का ती ठेवते?”

“ते दाखवलेलं नाही. तिथेही माझी हरकत आहेच.”

“पुढे.”

“तो ती रिकामी करतो. बाई शेजारच्या खोलीत इस्त्री करत असते. तिला सगळं ऐकू येतं. आणि ती जात नाही.”

एवढ्यात एक तरुण बाई पट्टी आणि कापूस मागत आत आली. वहिनींनी दोन्ही वस्तू स्वतःच काढून दिल्या, पैसे घेतले, सुट्टे परत केले, “पाणी लावू नका हं जखमेला,” असे बजावले आणि ती पायरी उतरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

“का नाही जात?” मग त्यांनी विचारले.

“तेच तर. कारणच नाही. अहो, कुठलीही बाई जाईल. नवरा नकोसा झाला असला तरी जाईल. अंग आधी धावतं, विचार मागून येतो. हातातली इस्त्री खाली पडेल, कापड जळेल, घोंगडी जळेल, पण ती धावेल. इथं एवढ्या ढिगातलं एक कापड करपत नाही. कॉलरी, बाह्या, सगळं नीटनेटकं. हे मनुष्यस्वभावात बसत नाही.”

“दमली असेल.”

“दमलेलं माणूस बसतं, वहिनी. दमलेली बाई इस्त्री करत नाही.”

“हातांना काहीतरी लागतंच की.”

वादात पंच समोरच्याचे म्हणणे खोडण्यापुरतेच ऐकत, आणि यात खोडण्यासारखे त्यांना काही सापडले नाही. त्यांनी ते ओलांडले.

“आणि ती मुलगी! तापात पडलेली मुलगी तिथंच मागच्या पलंगावर आहे. आईच्या पाठीमागे. डोळे सताड उघडे ठेवून सगळं बघते आहे. आता सांगा, पोटची पोर खोलीत असताना कुठली आई—”

“डोळे उघडे होते?” वहिनींनी विचारले.

“सताड.”

वहिनींनी हातातला खोका फळीवर ठेवला.

“ते मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

या वाक्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकेल काय, हे पंचांनी तपासून पाहिले. युक्तिवादात ज्यांची हयात गेली, त्यांना एका वाक्याचे चार अर्थ सहज सुचतात. त्यांनी चित्रपटातली मुलगी घेतली, शब्द जोखले, उच्चार आठवला, वहिनींचा चेहराही पाहिला. वहिनी खोक्यांवरच्या तारखा वाचत होत्या. दुसरा अर्थ निघाला नाही.

“वहिनी—” ते म्हणाले.

“सकाळपासून हे तीनदा म्हणाले होते मला,” वहिनी तारखांवरून नजर न काढता म्हणाल्या. “‘आज ती बाटली खालीच राहू दे.’ दोनदा मी नाही म्हटलं.”

“मला बोलावायचं होतंत. मी इथंच होतो, दोन गल्ल्यांवर.”

“तुम्ही आला असतात. मग त्यांना वाचवलं असतंत, आणि पुन्हा तेच. तुम्ही संध्याकाळी घरी जायचात, भावोजी.” पुढचा खोका उचलून त्या म्हणाल्या, “रविवारी जाऊ आपण. शिंप्याला सांगा दुकानाकडे लक्ष ठेवायला.”

शनिवारी गिऱ्हाइके आली आणि गेली. पुतणीच्या सिनेमाचे काय, असे शिंप्याने दोनदा विचारले. पंचांनी त्याला कधी नव्हे ते नुसतेच औषध दिले. “काय हो, आज जीभ टाळ्याला चिकटली का?” तो म्हणाला. वहिनी हसल्या, पंचांना हसता आले नाही.

रविवारी चित्रगृह निम्मेच भरले होते. दारापाशी पुतणी उभी होती. पुरुषी कोट, आखूड केस, डोळ्यांखाली काळे. आईला पाहून तिने एक पाऊल पुढे टाकले, मग थांबली आणि नुसतीच मान हलवली. वहिनींनीही मान हलवली. दोघींपैकी कोणीच गुडघ्यांविषयी बोलले नाही.

तो प्रसंग आला तेव्हा पंचांनी आयुष्यात प्रथमच पडद्याकडे पाठ केली म्हणता येईल, इतके ते बाजूला वळले होते. वहिनी आलेला माल तपासताना बसत तशाच बसल्या होत्या: नजर स्थिर, ओठ किंचित आवळलेले, एकेक वस्तू मनाशी पडताळीत. श्वास अडला, पुन्हा सुरू झाला. वहिनींच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तेवढीच राहिली. पडद्यावरच्या मुलीचे डोळे दिसले, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचे मिटून घेतले आणि ते दृश्य सरेपर्यंत उघडले नाहीत.

बाहेरच्या दालनात लोक पुतणीचा हात हातात घेऊन अभिनंदन करीत होते. एका जाड भिंगांच्या गृहस्थांना शेवट फार धाडसी वाटला, आणि थोडा अवास्तवही. पुतणीने त्यांचे आभार मानले. मग गर्दी पांगली आणि तिघे उरले.

“काका, तुमचं मत नंतर,” ती म्हणाली. “मला माहीत आहे, तुम्हाला पटलेलं नाही. आधी आई.”

पंचांना सांगायचे होते की आपल्याला मत नाही. पण त्यांना विचारलेच नव्हते.

“तू झोपली आहेस असं मी समजत होते,” वहिनी म्हणाल्या.

“नव्हते झोपले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

दालनाच्या टोकाला एक बाई पुढच्या खेळासाठी फरशी पुसत होती. तिला वाट द्यायला तिघेही भिंतीशी सरकले. पुतणीने कोटाच्या खिशात हात घातले आणि बाहेर काढले.

“सिनेमा, आई. सिनेमा कसा वाटला तेवढं सांग.”

वहिनींनी विचार केला.

“ह्यांचा आवाज एवढा मोठा नव्हता,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं बरोबर आहे.”