हसऱ्या चेहऱ्यांची लाज

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच तडकली आहे, पण त्याची मला लाज नाही. लाज आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

सौंसरच्या दुकानातून मला रामाकोन्याच्या अमितानं घेतलं. कॉलेजात दोन वर्षं मिरवलं. मग तिला नवा मोबाईल मिळाला आणि मी घरातल्या घरात तिच्या आजोबांच्या खिशात गेलो. तिचं टोपणनावाचं एक खातं मात्र माझ्यात उघडंच राहिलं.

आजोबांचं नाव रघुनाथराव. संत्र्याची कलमं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. ते कलम बांधून दाखवत, मी टिपून घेई आणि अमिता तो व्हिडिओ फेसबुकवर नि इन्स्टाग्रामवर टाकून देई. फेसबुकवर बागाईतदार शंका विचारत. इन्स्टाग्रामवर पोरं त्यांच्या बोळक्या तोंडावर आणि बोलीवर हसत. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले इमोजीचे चेहरे ओळीनं येत, आणि मी मूर्ख, प्रत्येकाला आनंदानं टिंग वाजवत होतो.

अमिताच्या मैत्रिणीही हसल्या. हे आपले आजोबा, हे मैत्रिणींना कळू नये म्हणून तिनं त्याच टोपणनावाच्या खात्यावरून लिहिलं, 'आधी दात बांधा, मग कलम.' आजोबांनी एकेक अक्षर शोधून उत्तर दिलं, 'बरोबर हाय बेटा. खुश राहा.' ते माझ्याच अंगावर लिहिलं गेलं. तेव्हा बंद पडलो असतो तर बरं झालं असतं.

एका दुपारी त्यांनी अमिताला हाक मारली. "पोरी, फेसबुकवाले नुसते सवाल इचारून राहिले. अन् इथले पाह्य, कसे खुश होऊन हासून राहिले! आता इथंच टाकत जाय."

अमिताचा चेहरा उतरला. "आबाजी, ते तुमच्यावर हासून राहिले. अन् ते दातावालं... ते मीच लिहिलं."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी काळा पडलो, तरी त्यांनी बोट लावलं नाही.

मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून, उन्हापासून जपा, असं सगळेच मोबाईल सांगतात. मी एवढंच सांगतो, माझ्या आड लपून कुणाला हसू नका. कारण मग आजोबा जे बोलले, ते मी अजून विसरलो नाही.

"तू तं घरातच होती ना बाई," ते म्हणाले. "सामने येऊन हासली असती, तं मीबी हासलो असतो."