बोटभर आखूड

हॉल गच्च भरला होता. चोवीस डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बूट काढून, मोज्यांवर, एका टेबलाभोवती श्वास रोखून उभे होते. टेबलावर एक शिंपी उताणा पडला होता आणि त्याच्या पायांपाशी सर उभे होते. कंबर आणि ओटीपोटाच्या हाडांवरचे ऑस्टिओपॅथीचे हस्तोपचार शिकवणारे हे सर. मागच्या बाकांवर त्यांचं नाव अंगठासर.

"बघा. डावा पाय. बोटभर आखूड."

सगळ्यांनी पाहिलं. होता खरा आखूड.

सरांनी डोळे मिटले, शिंप्याच्या कमरेखाली हात सारला आणि कानात काही सांगावं तसे वाकले. "खुबा रुसला होता. समजूत काढली. आता बघा."

दोन्ही टाचा एका रेषेत! टाळ्या पडल्या. एका हाडांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. वीस वर्षं हाडं कापून आपण काय मिळवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या चोविसांत शिंप्याची मुलगी होती. नवीकोरी फिजिओथेरपिस्ट. बाबांची कंबर दुखत होती, म्हणून तिनंच त्यांना पेशंट म्हणून आणलं होतं.

नंतर बाबांना पालथं करून प्रत्येकानं त्यांच्या कमरेमागच्या दोन हाडांवर अंगठे ठेवले. "उजवं वर आहे," सर आधीच सांगून ठेवत. "हो सर, वर," असं एकामागून एक सगळे म्हणत गेले. तिची पाळी आली. अंगठ्यांखाली दोन हाडं लागली. जिथं असायला हवीत तिथं होती.

"हो सर," ती चाचरत म्हणाली. "वर."

"अंगठ्याला डोळे असतात," सर म्हणाले. "तुमच्या अंगठ्यांना अजून मोतीबिंदू आहे. दुसऱ्या वर्गाला या, उतरेल."

घरी जाताना बाबा म्हणाले, "पोरी, माझ्या पँटी मीच शिवतो. तीस वर्षं मापं घेतोय. पाय सारखे आहेत माझे."

"बाबा, हे शास्त्र आहे. शिवणकाम नाही."

मग ती रोज संध्याकाळी बाबांना पलंगावर झोपवू लागली. रोज डावा पाय बोटभर आखूड निघायचा, रोज ती तो सरळ करायची.

"रोज बोटभर वाढवतेस," आठव्या दिवशी बाबा म्हणाले. "हिशेबानं आता माझा पाय जिन्यापर्यंत पोचायला हवा."

ती हसली नाही. तिसऱ्या आठवड्यात बाबांचा डावा पाय मशीनच्या पायडलवरून घसरू लागला. मग बसायच्या जागेवर बधिरपणा आला. तिनं एमआरआयची वेळ घेतली आणि घेतल्या घेतल्या सरांना फोन केला.

"छान!" सर म्हणाले. "बधिरपणा म्हणजे शरीर जुनं दुखणं विसरायला लागलंय. फोटो हाडाचा निघतो, रुसव्याचा निघत नाही. कशाला खर्च?"

तिनं वेळ रद्द केली. हे तिनं केलं, सरांनी नाही. पुढे ती हेच वाक्य मनातल्या मनात पुष्कळ वेळा म्हणणार होती.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी बाबा मोरीत बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "लघवी होत नाहीये गं." तेव्हा मात्र तिला कॉलेजातलं पुस्तक आठवलं, पानासकट. तासाभरात बाबा हॉस्पिटलात होते. मणक्यातली सरकलेली चकती नसांवर बसली होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

"पाय लुळा पडायला लागला तेव्हाच आणायला हवं होतं," सर्जन म्हणाले. "इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं होतं," बाबा घाईनं म्हणाले. "असाच एक होता. ओळखीचा."



लघवी सुधारली. पाय सुधारला नाही.

तीन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये नवे चोवीस जण मोज्यांवर उभे होते. ती बाबांना घेऊन गेली. "सर, जुनी विद्यार्थिनी. पेशंट आणलाय."

"या, या!" सर वर्गाकडे वळले. "मी चेहरे विसरतो, पण एकदा हात लावलेली कंबर जन्मात विसरत नाही." बाबांना त्यांनी उताणं झोपवलं, टाचा हातात घेतल्या. "ही कंबर मी पहिल्यांदाच पाहतोय. आणि बघा... डावा. बोटभर आखूड."

"एक मिनिट, सर." बाबांनी खिशातून शिंप्याचा खडू काढून लेकीकडे दिला. त्यांच्या गळ्यात टेप होतीच. खुब्याच्या पुढच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत तिनं मोजलं. उजवा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, डावाही चौऱ्याऐंशी. मग दोन्ही खुबे चादरीवर जिथं टेकले होते तिथं खडूनं रेघा मारल्या. डावी रेघ बोटभर वर आली.

"आता समजूत काढा, सर."

सरांनी काढली. टाचा जुळल्या. दोनचार टाळ्या वाजल्यासुद्धा. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा चौऱ्याऐंशीच. पण डावा खुबा आता रेघेच्या बोटभर खाली होता.

"पाय वाढला नाही," ती म्हणाली. "टाच हातात घेताना सरांनी ती हलकेच वर रेटली, कंबर तिरकी झाली. मग कंबर सरळ केली. मी हे रोज करत होते. खोटं करतेय हे मलाही कळत नव्हतं." आणि तिनं उजवी टाच रेटून बाबांचा उजवा पाय आखूड केला, मग लांब, मग परत आखूड.

"बास गं," बाबा म्हणाले. "फाटेन."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "पाय सोडा. हाडं तर अंगठ्याला कळतात!"

वर्गात एक दंतवैद्य होता. कमरेच्या वर्गाला आपण का आलो, हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. बाबांना उठवून तिनं त्याला पालथं झोपवलं. उरलेल्या तेवीस जणांनी अंगठे ठेवायचे, बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. सरांनीही आधी काही सांगायचं नाही.

दहा चिठ्ठ्यांवर डावं वर. नवांवर उजवं वर. तिघांना सारखं वाटलं. एकीवर लिहिलं होतं, 'सर म्हणतील ते.'

"कागदाला अंगठ्याची भाषा कळत नाही," सर म्हणाले.

"मला कळली होती, सर," ती म्हणाली. "दीड महिना. बाबा, पालथे व्हा."

बाबांनी सदरा वर केला. कमरेवरचा व्रण अजून गुलाबी होता. ती म्हणाली, "ही तुमची विसरायची नाही ती कंबर. बधिरपणा म्हणजे शरीर विसरायला लागलंय, असं तुम्ही हिच्याबद्दलच म्हणाला होतात. हात फिरल्यावर बरं वाटतं, ते खरं आहे. स्नायू सैल होतो, माणसाला धीर येतो, तेवढं करा. पण हाड रुसत नाही. नस मात्र मरते."

दंतवैद्यानं बूट घातले. आणखी पाच जणांनी घातले. बाकीचे अठरा दुपारच्या सत्रासाठी थांबले, कारण प्रमाणपत्र तेव्हाच मिळणार होतं.

जिना उतरताना बाबांचा डावा पंजा प्रत्येक पायरीवर टप्प वाजत होता. पंजा उचलला जात नाही, पँटीच्या काठात अडकतो. म्हणून आता ते डावा पाय बोटभर आखूड शिवतात. अंगठासरांचं निदान एवढ्यापुरतं बरोबर ठरलं.

तिच्या दवाखान्यातल्या, सरांच्या प्रमाणपत्राच्या चौकटीत आता बाबांच्या वळणदार अक्षरातला एक कागद आहे. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडला, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर इथं रांगेत बसू नका, याच पावली मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि कुणीही, मीसुद्धा, हात लावून काही सांगितलं, तर विचारा: कशावरून? मोजून दाखवा.