पोट न पाहिलेली चिंबोरी

वडिलांचं नाव दिलेली माझी चिंबोरी मादी निघाली, हे मला रोह्यातल्या भर सभेत कळलं. खरं तर तेव्हा फक्त आठवलं. सांगितलं गेलं होतं तीन वर्षांपूर्वीच.

मी अंबरीश, पेणचा. रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. धरमतर खाडीकाठी बांधाच्या खोदाईवर आलेल्या जिते गावच्या बायजाबाईंना एक दगडी गोळा सापडला, त्यात खेकड्याचा जीवाश्म, अख्खी चिंबोरी. देतानाच त्यांनी ती उलटी केली आणि म्हणाल्या, "मादी हाय, सर." मी हसलो.

आमच्या घरात चिंबोरी कधी शिजली नाही. बाजारात बायका आधी तिचं पोट बघतात, रुंद झाकण म्हणजे मादी. हे मी वर्गात आकृती काढून शिकवतो, पण या नमुन्याच्या पोटावरची माती मी खरवडलीच नाही. फुटेल म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरी होती ती घाई. चिखलात बिळं करणाऱ्या या लांब डोळ्यांच्या खेकड्यांत नराच्या नांग्या मोठ्या असतात, याच्या लहान. अंगाने मोठा म्हणून मी त्याला नर ठरवलं आणि मग लहान नांग्यांवरून नामशेष झालेली नवी जात. नाव दिलं वडिलांचं, गोपाळकृष्णांचं. शोधणारा म्हणून माझं.

परवा त्याबद्दल रोह्यात माझा सत्कार झाला. बायजाबाईंना मीच बोलावलं होतं, मन मोठं दाखवायला. प्रणिता नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, हा नर कशावरून? मी टेबलावरच्या नमुन्याकडे पाहिलं. बायजाबाईंनी नमुना उचलून सवयीने उलटा केला, जित्याची खोड. अंगठ्याने चोळताच वाळलेल्या मातीचा भुगा पडला. खाली रुंद, गोल झाकण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"मला अडान्याला काय कळतंय? सर म्हनतील ते."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसलो. सगळ्यात जास्त लाज मला त्या हसण्याची वाटते.

परतीच्या गाडीत बायजाबाई सोबत होत्या, मी पेणला उतरलोच नाही. जिते जवळ आलं तेव्हा कुठे विचारायचा धीर झाला, की खोटं का बोललात.

"चारचौगांत चिंबोरीचं पोट उगडं करावं, सर," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "मानसाचं नाय."

काल शोध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायला बसलो. नवी जात वगैरे काही नाही, ओळखीच्याच जातीची मादी आहे. वडिलांचं नाव खोडलं, शोधणारा म्हणून माझंही खोडलं. त्या जागी 'बायजा' लिहिलं आणि थांबलो. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी बाईंना त्यांचं आडनाव एकदाही विचारलं नव्हतं.